वजनाच्या काट्यावर मन कोण ठेवणार?

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरी दरवर्षी चाळीस-पन्नास बायका येतात. मागच्या खेपेला ती आली आणि सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. "अगं बाई, किती बारीक झालीस!" "काय केलंस गं? आम्हालाही सांग की!" कुणी तिचा दंड चाचपून पाहिला, कुणी ब्लाऊज किती आत घ्यावं लागलं ते विचारलं. यात मीही होतेच. वाण देता देता मीच म्हणाले, "ओळखूच आली नाहीस, दहा वर्षांनी लहान दिसतेस!" ती हसली. तिळगूळ हातात घेतला, पण तोंडात काही टाकला नाही.

दोन आठवड्यांनी भर दुपारी ती एकटीच घरी आली. पाणी दिलं, ते तसंच समोर ठेवून म्हणाली, "ताई, नऊ किलो उतरलं. सगळे वाहवा करतात. पण मला ना, काहीच करावंसं वाटत नाही. मुलगा शाळेतून येऊन काहीबाही सांगत असतो, मला त्याचा आवाजसुद्धा नको होतो. रात्री तीनला जाग येते, ती येतेच. मी तर बारीक झाले, मग मला आनंद का होत नाही?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिला नैराश्याचा त्रास झाला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, त्यांनी बरं वाटू लागलं, पण वजन वाढलं. मग घरात, शेजारात, लग्नाकार्यात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "अगं, सुटलीस की!" शेवटी तिने स्वतःच्या मनानेच गोळ्या बंद केल्या आणि जवळच्या शहरातल्या एका वजन कमी करण्याच्या केंद्रात नाव घातलं. दोन वेळच्या जेवणाऐवजी पावडर घातलेलं दूध आणि सोबत 'हर्बल' लिहिलेली कॅप्सूल. तिथे तिची उंची मोजली, कंबर मोजली, समोरून आणि बाजूने फोटो काढले. मनाचं काही औषध चालू होतं का, हे मात्र कुणीही विचारलं नाही.

आणि आम्ही चाळीस-पन्नास बायकांनी तरी कुठे विचारलं? ती किती उतरली ते सगळ्यांनी पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता, तो कुणालाच दिसला नाही. तिच्या परवानगीने आणि तिची ओळख पटणार नाही अशा बेताने हे लिहिते आहे, कारण तिचा प्रश्न तिच्या एकटीचा नाही.

मी कला शाखेची. शास्त्राचा आणि माझा संबंध दहावीलाच सुटला. पण तिच्या "आनंद का होत नाही?" या प्रश्नाने मला स्वस्थ बसू दिलं नाही. ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं, मिळेल ते वाचलं. जे हाती लागलं ते थोडक्यात सांगायचं तर असं : भूक आणि मन हे मेंदूत एकमेकांना लागून राहणारे शेजारी आहेत. मधली भिंत सामाईक आहे. एकाच्या घरात ठोकाठोकी केली की दुसऱ्याच्या घरातली भांडी खणखणणारच!

भूक पोटात नसते

आपण म्हणतो, पोटात कावळे ओरडतात. पण कावळ्यांना बोलावणारा बसलेला असतो डोक्यात. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक छोटासा भाग आहे. भूक, तहान, झोप, शरीराची उष्णता, पाळीचं चक्र आणि ताणाला शरीराने द्यायचं उत्तर, एवढ्या सगळ्यांचा कारभार तो पाहतो. एकाच कारभाऱ्याकडे इतकी खाती असल्यावर एका खात्यातली गडबड दुसऱ्यात पोचायला कितीसा वेळ लागणार?

१९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लेप्टिन या संप्रेरकामागचा जनुक शोधला. हे लेप्टिन तयार करते आपली चरबीच. म्हणजे जिला आपण नुसता बोजा समजतो, ती चरबी रोज मेंदूला निरोप धाडत असते, 'घरात साठा आहे, काळजी नको.' चरबी भराभर उतरली की हा निरोप क्षीण होतो. मेंदूला काय ठाऊक तुमच्या भाचीचं लग्न जवळ आलंय म्हणून! त्याला वाटतं, दुष्काळ पडला. मग तो भूक वाढवतो, शक्तीचा खर्च कमी करतो आणि सारं लक्ष अन्नाकडे लावतो.

शिवाय मेंदूतली जी रसायनं खाण्याशी बांधलेली आहेत, तीच मनाशीही बांधलेली आहेत. डोपामाइनमुळे एखादी गोष्ट हवीहवीशी वाटते, मग ती गरम भजी असो की मैत्रिणीचा फोन. सेरोटोनिनचा संबंध पोट भरल्याच्या जाणिवेशी आहे, तसाच मन थाऱ्यावर राहण्याशीही आहे. वजनाच्या औषधांपैकी बरीचशी याच रसायनांच्या वाटेने काम करतात. मग मनाला स्पर्श न करता ती भुकेपर्यंत पोचतील कशी?

छत्तीस तरुणांची गोष्ट

नुसत्या उपासमारीने मनाचं काय होतं, हे दाखवणारा एक प्रयोग अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये झाला. दुसरं महायुद्ध चालू होतं, युरोपात माणसं उपाशी होती. त्यांना पुन्हा कसं धडधाकट करायचं हे समजावं म्हणून अॅन्सेल कीज या शास्त्रज्ञांनी ३६ निरोगी तरुण निवडले. शरीराने आणि मनानेही खणखणीत, स्वखुशीने आलेले. त्यांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, दिवसाला साधारण १,५०० ते १,६०० कॅलरी. त्यांचं वजन जवळजवळ चौथ्या हिश्शाने उतरलं.

आणि मन? हसतमुख पोरं चिडचिडी झाली, उदास झाली, माणसांत मिसळेनाशी झाली. बोलणं, विचार, स्वप्नं, सगळं खाण्याभोवती फिरू लागलं. कितीतरी जण चक्क पाककृतींची पुस्तकं जमवू लागले, ताटल्या चाटू लागले. जेवण पुन्हा सुरू झाल्यावरही मन ताळ्यावर यायला बरेच दिवस गेले.

मैत्रिणींनो, आता जरा आठवून पाहा. 'सात दिवसांत पाच किलो' छापाचे जे तक्ते मोबाइलवर फिरत असतात, त्यात किती कॅलरी असतात? कित्येकांत हजाराच्याही खाली! एवढ्यावर सकाळचा डबा, दुपारची धुणी, संध्याकाळचा अभ्यास आणि रात्रीच्या भाकऱ्या उरकायच्या, आणि वर घरच्यांनी म्हणायचं, "हल्ली तू फार चिडतेस." चिडणार नाही तर काय करेल? ते धडधाकट तरुणही चिडले होते. हा स्वभावाचा दोष नाही, अर्धपोटी मेंदूची ती हाक आहे. आणि तक्ता मोडला की जे हातून होतं, त्यालाही आपल्या म्हणींनी केव्हाच नाव देऊन ठेवलंय, एकादशी अन् दुप्पट खाशी! त्यानंतर येते ती अपराधाची टोचणी. 'माझ्यात निश्चयच नाही,' असं स्वतःला बजावत ती बाई पुन्हा नवा तक्ता शोधते.

'आनंदा'ला घातलेलं कुलूप

आता औषधांकडे येऊ. यातली एक गोष्ट प्रत्येकीने ऐकावी अशी आहे, आणि तिच्यात आपल्या भाषेतलाच एक शब्द आहे.

होळीला भांग प्यायलेला माणूस तुम्ही पाहिला असेल. दोन गोष्टी करतो, कारण नसताना हसत सुटतो आणि पुढ्यात येईल ते खात सुटतो. हसणं आणि खाणं एकाच वेळी का सुटावं? कारण भांगेतलं द्रव्य मेंदूतल्या ज्या कुलपात किल्लीसारखं बसतं, ते कुलूप भूक आणि मन दोन्हींच्या दारांवर आहे. आता प्रश्न असा की, आपल्या मेंदूने भांगेसाठी कुलूप कशाला ठेवावं? त्याची स्वतःची काही किल्ली असणारच. ती किल्ली १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये राफाएल मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत सापडली. मेंदू स्वतःच तयार करतो असं ते द्रव्य. शोधणाऱ्यांनी त्याचं नाव ठेवलं 'आनंदामाइड', आपल्या संस्कृतातल्या 'आनंद' शब्दावरून!

पुढे कुणाच्या तरी मनात आलं, या कुलपाने भूक वाढत असेल तर ते बंदच करून टाकू. त्यातून रिमोनाबंट नावाचं औषध आलं. २००६ मध्ये युरोपात त्याला परवानगी मिळाली. वजन उतरायचं, कंबर कमी व्हायची, साखरही सुधारायची. सगळीकडे कौतुक झालं. पण भुकेचं दार बंद करताना आनंदाचंही दार बंद होत होतं. औषध घेणाऱ्यांत नैराश्य, अस्वस्थता, झोप उडणं दिसू लागलं. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांना सल्ला देणाऱ्या तज्ज्ञांच्या समितीने एकमताने याला नकार दिला. त्याच वर्षी युरोपात सांगण्यात आलं की, ज्यांना नैराश्य आहे किंवा त्यावरची औषधं चालू आहेत, त्यांना हे देऊ नका. तेवढ्याने भागलं नाही. मानसिक त्रासाचा धोका जवळपास दुप्पट होतो असं दिसल्यावर ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपात विक्री थांबवायला सांगण्यात आलं, आणि २००९ मध्ये परवानगी रद्द झाली. आपल्याकडेही हे औषध विकलं जात होतं. २००९ मध्ये भारत सरकारने त्यावर बंदी घातली.

मला ही गोष्ट ऐकल्यापासून राहून राहून वाटतं, किती बायकांनी त्या दोन-तीन वर्षांत आरशात पाहून म्हटलं असेल, 'मी तर बारीक झाले, मग मला आनंद का होत नाही?' आणि त्यांना कुणीतरी सांगितलं असेल, "तुझं सगळंच नाटक!"

जुन्या गोळ्या, नव्या कॅप्सूल

रिमोनाबंट ही एकटीच गोष्ट नाही. १९५०-६० च्या दशकांत अमेरिकेत वजन उतरवायला अॅम्फेटामाइनच्या गोळ्या सर्रास दिल्या जायच्या. भूक मरायची, अंगात वारं भरल्यासारखं व्हायचं, आणि गोळी उतरली की मन खोल गर्तेत. कितीजणींना त्यांचं व्यसन लागलं. सिब्यूट्रामिन हे औषध तर सुरुवातीला नैराश्यावरचं म्हणूनच तपासलं गेलं होतं, वजन उतरतंय असं दिसल्यावर त्याची वाट बदलली. पुढे हृदयाला धोका दिसला, २०१० मध्ये ते युरोप-अमेरिकेतून आणि २०११ मध्ये भारतातून हद्दपार झालं.

हद्दपार झालं खरं, पण गेलं का? अमेरिकेच्या औषध प्रशासनाला 'नैसर्गिक', 'हर्बल' म्हणून विकल्या जाणाऱ्या वजनाच्या गोळ्या-कॅप्सूलमध्ये हेच बंदी घातलेलं सिब्यूट्रामिन वारंवार सापडलं आहे. वेष्टणावर त्याचं नाव नसतं. म्हणून डबीवर हिरवं पान छापलेलं असलं की डोळे झाकून विश्वास ठेवू नका. तिच्या कॅप्सूलमध्ये काय होतं, ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. डबीवर घटकांची यादीच नव्हती!

भूक आणि मन यांचं नातं उलट्या बाजूनेही वापरलं गेलं आहे. २०१४ मध्ये अमेरिकेत वजनासाठी एक गोळी मंजूर झाली, त्यात दोन औषधं एकत्र आहेत. एक नैराश्यावर आणि सिगारेट सोडवायला वापरलं जाणारं ब्युप्रोपियॉन, दुसरं दारू आणि अफूवर्गीय पदार्थांचं व्यसन सोडवायला वापरलं जाणारं नाल्ट्रेक्सोन. मनाची औषधंच भुकेला लागू पडतात, यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

आणि आता इंजेक्शनं

आता सगळीकडे चर्चा आहे ती आठवड्यातून एकदा घ्यायच्या इंजेक्शनांची. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड आणि जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शन भारतात आलं. किटी पार्टीपासून बचत गटाच्या बैठकीपर्यंत कुणी ना कुणी विचारतंच, "ताई, ते इंजेक्शन खरंच चांगलं असतं का हो?"

जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं संप्रेरक सुटतं. ते पोटाला सांगतं 'सावकाश' आणि मेंदूला सांगतं 'पुरे'. ही इंजेक्शनं त्याचीच नक्कल करतात. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. डोक्यात सतत चालणारी खाण्याची कुजबुज थांबली, असं कितीतरी जण सांगतात. ज्यांना मधुमेह आहे किंवा लठ्ठपणाने गुडघे, हृदय, श्वास यांचे हाल चाललेत, त्यांना याचा फार मोठा आधार आहे. तो नाकारायचं कारण नाही.

मनाचं काय? जुलै २०२३ मध्ये आइसलँडमधून काही रुग्णांच्या मनात आत्महत्येचे विचार आल्याच्या नोंदी आल्या आणि युरोपच्या औषध संस्थेने चौकशी सुरू केली. एप्रिल २०२४ मध्ये निष्कर्ष आला की, या औषधांमुळेच तसं होतं असं पुरावे दाखवत नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनालाही जानेवारी २०२४ च्या प्राथमिक तपासणीत तसं कारण-परिणामाचं नातं आढळलं नाही. म्हणजे ही रिमोनाबंटची पुनरावृत्ती नाही, हे नीट समजून घ्या. घाबरून आपलं चालू इंजेक्शन परस्पर बंद करू नका.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. सेमाग्लुटाइडच्या वजनासाठीच्या मुख्य चाचण्यांत, ज्यांना नुकतंच गंभीर नैराश्य येऊन गेलं होतं किंवा ज्यांनी पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न केला होता, अशांना घेतलंच नव्हतं. आपल्या ओळखीतली ती बाई तिथे नव्हती. म्हणून तिच्यासारखीने हे औषध घेऊच नये असं नाही, पण डॉक्टरांना आधी सगळं सांगून आणि मनावर लक्ष ठेवून घ्यावं. आणखी एक. इंजेक्शन थांबवल्यावर एका वर्षात उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोनतृतीयांश परत आलं, असं त्याच चाचणीच्या पुढच्या पाहणीत दिसलं. ते परत येणारं वजन 'हिला टिकवता आलं नाही' असे टोमणे सोबत घेऊन येतं. काट्यापेक्षा तेच जड असतात.

पोटाच्या शस्त्रक्रियेचंही तसंच. खूप लठ्ठपणा असलेल्यांना ती जीवदान देते, आणि पहिल्या काही महिन्यांत मनही बहुतेकांचं उभारी धरतं. पण कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ८,८१५ रुग्णांवर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रियेनंतरच्या तीन वर्षांत स्वतःला इजा करून घेतल्यामुळे रुग्णालयात यावं लागण्याचं प्रमाण आधीच्या दीडपट झालं होतं. एकूण संख्या थोडी होती, हे खरं. त्यातल्या बहुतेकांना आधीपासून मनाचा काही आजार होता, हेही खरं. पण म्हणूनच तर विचारायला हवं ना, की टाके काढल्यावर मनाकडे कोण पाहणार?

गोळी सोडू नका, बोला

आता पुन्हा तिच्याकडे येते. तिची पहिली चूक, खरं तर तिला चूक तरी कसं म्हणू, ती म्हणजे मनाच्या गोळ्या परस्पर सोडणं. मनावरच्या काही औषधांनी वजन वाढतं, हे खरं आहे. ओलान्झापिन, मिर्टाझापिन ही त्यातली ठळक नावं. पण सगळ्यांनी वाढत नाही. औषध बदलता येतं, मात्रा कमी-जास्त करता येते. ते डॉक्टरांना सांगितलं तर! आपल्याकडे होतं काय, मनाच्या डॉक्टरांकडे जाणं लपवायचं, गोळ्या लपवायच्या, वाढलेलं वजन मात्र लपत नाही. मग बाई जे दिसतं त्याच्यावर इलाज करते आणि जे दिसत नाही ते आत तसंच धुमसत राहतं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

लठ्ठपणा आणि नैराश्य एकमेकांना हात देऊन पुढे नेतात. २०१० मध्ये अनेक अभ्यास एकत्र मांडून काढलेल्या निष्कर्षानुसार, लठ्ठ व्यक्तींना पुढे नैराश्य येण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५५ टक्क्यांनी जास्त होती, आणि नैराश्य असलेल्यांना पुढे लठ्ठपणा येण्याची शक्यता सुमारे ५८ टक्क्यांनी जास्त. मग वजनाचा डॉक्टर एकीकडे, मनाचा डॉक्टर दुसरीकडे आणि मधल्या एसटीत लटकलेली बाई, असं किती दिवस चालवायचं?

म्हणून मला ठामपणे म्हणायचं आहे की, वजन उतरवण्याचा कुठलाही उपचार, मग तो पथ्याचा असो, गोळीचा, इंजेक्शनचा की शस्त्रक्रियेचा, मनाची विचारपूस केल्याशिवाय सुरू होता कामा नये. जो उपचार करणारा तुमची कंबर मोजतो पण झोप विचारत नाही, त्याच्या दारातून परत फिरा. आणि विचारलं नाही तर आपण होऊन सांगा, "मला पूर्वी नैराश्य आलं होतं, या गोळ्या चालू आहेत, बाळंतपणानंतर मला असा त्रास झाला होता." लाजू नका. रक्तदाबाची गोळी सांगायला आपण लाजतो का?

सुरू करण्याआधी थायरॉइडची तपासणी करून घ्या. थायरॉइड मंदावलं की वजनही वाढतं आणि मनही मलूल होतं. अशा वेळी बाई उगाच ताटातली पोळी कमी करत बसते. पण तपासणी न करता वजनासाठी थायरॉइडच्या गोळ्या कुणी दिल्या तर घेऊ नका, त्यांनी धडधड, घाबरंघुबरं होणं, झोप उडणं पाठीशी लागतं.

उपचार चालू असताना आठवड्यातून एकदा काट्यावर उभ्या राहता ना? त्याच दिवशी स्वतःला चार प्रश्न विचारा. झोप कशी आहे? पूर्वी आवडायचं ते अजून आवडतं का? माणसं नकोशी झाली आहेत का? जगणं नकोसं वाटतं का? पहिल्या तिन्हींतलं काही दोन आठवडे बिघडलेलं राहिलं तर वजन कितीही छान उतरत असो, डॉक्टरांना सांगा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक दुधाच्या हिशोबाच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपल्याला नाही लागला तर शेजारणीला लागेल.

घरच्यांनाही दोन शब्द. सासूबाई, नणंदबाई, आणि हो, पुरुषमाणसांनीही ऐकावं. सुनेचं, बायकोचं, मुलीचं वजन हा जेवणाच्या पंगतीतला विषय नाही. तिने पथ्य धरलं तर तिच्या जोडीने संध्याकाळी अर्धा तास चालायला जा. चालण्याने वजन फार भराभर उतरत नाही, पण मनाला उभारी येते, आणि मन उभं राहिलं की पथ्य टिकतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, सावकाश वजन उतरवणाऱ्यांचं मन बहुधा सुधारतंच. घाई आणि हेटाळणी, या दोन गोष्टींनी ते खचतं.

मी तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. पहिल्या दिवशी ती दवाखान्याच्या पायरीवर थबकली, "कुणी पाहिलं तर?" मी म्हटलं, "मीही आहे ना बरोबर, दोघींना पाहतील." डॉक्टरांनी कॅप्सूल आणि पावडर बंद केली, वेगळी गोळी सुरू केली, आणि आधीची गोळी परस्पर सोडल्याबद्दल रागावलेही नाहीत. फक्त म्हणाले, "वजनाचं मला आधीच सांगायचं होतंत." त्या नऊ किलोंतले चार परत आले आहेत. झोप मात्र परवापरवा कुठे जागेवर आली आहे. पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही, तीही म्हणत नाही. पण मागच्या आठवड्यात आली तेव्हा मुलाच्या शाळेतला एक किस्सा सांगता सांगता स्वतःच हसत होती.

येत्या संक्रांतीला ती पुन्हा येईल. मी मनाशी ठरवून टाकलंय, दारात आल्या आल्या "बारीक झालीस" किंवा "सुटलीस" यातलं एकही अक्षर तोंडातून काढायचं नाही, तिच्या बाबतीत नाही आणि इतर कुणाच्याही बाबतीत नाही. "कशी आहेस गं?" एवढंच विचारायचं, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत वाणाचं ताट खाली ठेवायचं.

तुम्हीही करून पाहा ना, मैत्रिणींनो!